तागडी कुठून आली?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बँकेतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी संध्याकाळच्या वेळी घरी आली. एका हातात गळकी छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा. पीएच.डी.चा प्रबंध शेवटच्या टप्प्यात होता, दीड महिन्यात विद्यापीठात सादर करायचा होता. विषय १८७५ सालचे दख्खनचे दंगे. या विषयावर मी एके काळी कादंबरी लिहिली आहे हे तिला वडिलांकडून ठाऊक होते, आणि विशेष म्हणजे तिने ती वाचलीही होती. (असा वाचक दारात आला की हल्ली मी चहावर भागवत नाही, जेवायलाच थांबवतो.)

"काका, चौथं प्रकरण तेवढं वाचा. त्यात तुम्ही आहात," ती म्हणाली.

होतो खरा. आणि त्याचाच घोटाळा झाला.

ज्यांना हे दंगे शाळेच्या पुस्तकापलीकडे आठवत नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुपे हे पुणे जिल्ह्यातले बाजाराचे गाव. तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आता बारामती तालुक्यात आहे. १२ मे १८७५ रोजी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी तिथे जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि खतपत्रे मागितली. जी हाती लागली ती जाळली. धान्याची दुकाने लुटली, काही घरांनाही आग लावली. पुढे हे लोण नगर जिल्ह्यातही पोचले. पण एकंदरीत राग होता तो माणसांपेक्षा कागदांवर. सरकारने आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला.

कागदांवरचा हा राग मला बँकेत असताना कळला. १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला होता. रोखा तीनच वर्षे ग्राह्य धरायचा, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा चांगला हेतू. सावकारांनी त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून घालायचे. थकलेल्या खात्याला नवे कर्ज देऊन जुने फेडल्याचे दाखवायचे, ही युक्ती मी नोकरीत इतक्या वेळा पाहिली होती की अहवालातला तो भाग वाचताना एखाद्या शाखेचे लेजर वाचतो आहे असे वाटले. तिथूनच कादंबरी सुचली. १९९६ साली ती छापून आली.

त्या कादंबरीत एक प्रसंग आहे. जमाव सावकाराच्या पेढीवरून खतपत्रांचे गठ्ठे बाहेर आणतो. आग पेटलेली असते, पण एक म्हातारा शेतकरी सगळ्यांना थांबवतो. पेढीवरची धान्याची तागडी आणवतो आणि एकेक गठ्ठा तागडीत घालून तोलतो. आपल्या तीन पिढ्यांचे वजन किती भरते ते गावाला एकदा कळू दे, असे काहीसे बोलतो आणि मग कागद जाळात टाकतो. परीक्षकांना हा प्रसंग फार आवडला होता. मलाही आवडला होता, खोटे कशाला बोलू?

तर मुलीच्या चौथ्या प्रकरणात या तागडीवर चार पाने होती. 'खतपत्रे जाळण्यापूर्वी सावकाराच्याच तराजूत तोलण्यात आली' असे सरळ विधान आणि त्यावर मोठे विवेचन. ज्या मापाने शेतकऱ्याला फसवले ते माप त्याने हाती घेतले, सत्तेचे चिन्ह उलटे फिरवले, वगैरे. विवेचन हुशारीचे होते. तळटिपेत तीन संदर्भ होते. एक पुस्तक, एक नियतकालिकातला लेख आणि एक जुना प्रबंध. मी कुठेच नव्हतो. माझे नाव होते ते दुसऱ्याच कुठल्या तरी वाक्याखाली, 'साहित्यातील प्रतिबिंब' म्हणून.

मी तिला म्हटले, "हे तिन्ही दाखवशील का?" दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवले. पुस्तकाने लेखाचा हवाला दिला होता. लेखाने त्या प्रबंधाचा. आणि प्रबंधाच्या त्या पानाखाली, बारीक टायपात, माझी कादंबरी.

बँकेत या प्रकाराला आम्ही 'काइट फ्लाइंग' म्हणत असू, म्हणजे पतंग उडवणे. एकाने दुसऱ्याचा चेक आपल्या खात्यात भरायचा, दुसऱ्याने पहिल्याचा. चेक वटायला तेव्हा जे दोन-चार दिवस लागत तेवढ्यात दोघांच्याही खात्यांवर भरघोस शिल्लक दिसे. पासबुक पाहणाऱ्याला वाटते, केवढे सधन लोक! प्रत्यक्षात पैसा कुठेच नसतो. मुलीच्या तळटिपेत तीन साक्षीदार दिसत होते, पण तिघेही एकाच घरून शिकवून पाठवलेले. आणि ते घर माझे.

आता कबुली देण्याची वेळ आली आहे तर सगळीच देतो. ही तागडी इतिहासात शिरली आहे हे मला या मुलीच्या आधीपासून माहीत होते. काही वर्षांपूर्वी एका सत्कारसमारंभात एका विद्वान वक्त्याने हा प्रसंग ऐतिहासिक घटना म्हणून रंगवून सांगितला. लेखकाने इतिहासाशी किती इमान राखले आहे याचे उदाहरण म्हणून! मी शेजारीच बसलो होतो, गळ्यात हार. उभे राहून 'अहो, ते मी रचलंय' म्हणायला अर्धे मिनिट पुरले असते. मी हसून मान डोलावली. कार्यक्रमाचा रसभंग कशाला, असे मी घरी बायकोला सांगितले. तिने काही उत्तर दिले नाही, आणि मला त्याचा अर्थ कळला.

कुणी म्हणेल, कादंबरीकाराचे हे पापच नव्हे. कादंबरी ही कादंबरीच. मान्य. कोंढाण्याला सिंहगड हे नाव तानाजी मालुसऱ्यांच्या बलिदानावरून पडले असे आपण सगळे लहानपणापासून मानतो. तानाजी पडले ते फेब्रुवारी १६७० मध्ये, आणि १६६३ सालच्या एका पत्रातच 'सिंहगड' हे नाव आलेले आहे. हरिभाऊ आपट्यांची १९०३ सालची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी घराघरांत पोचली आणि त्या नावासरशी ही समजूतही पक्की झाली. याचा दोष हरिभाऊंना कोण देईल? त्यांनी इतिहासाचा प्रबंध लिहिला नव्हता. पण प्रबंध लिहिणाऱ्याने कादंबरी उघडावी की १६६३ चे पत्र उघडावे, हा प्रश्न उरतोच. ते पत्र लिहिणाऱ्याला गडाच्या नावाविषयी काहीच सिद्ध करायचे नव्हते. तो आपले रोजचे काम करत होता. म्हणून तर त्याच्या शब्दाला वजन. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली ती अशा कामाच्या कागदांवरच्या विश्वासापोटी.

तरीही कामाचा कागद म्हणजे खरा कागद असे समजू नये, हे मला एका विहिरीने शिकवले.

ऐंशीच्या दशकात मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या ग्रामीण शाखेत फील्ड ऑफिसर होतो. विहिरीसाठी कर्ज दिले की पुढचा हप्ता सोडण्यापूर्वी अधिकाऱ्याने शेतावर जाऊन काम कुठवर आले ते पाहायचे आणि तसा शेरा लिहायचा, असा नियम. एका प्रकरणात माझ्या आधीच्या अधिकाऱ्याचा शेरा फाइलमध्ये होता. 'विहीर पाहिली, बारा फूट खोदकाम पूर्ण.' त्या आठवड्यात पाऊस लागला होता, रस्ता चिखलाचा, मोटरसायकल पंक्चर. मी शेरा लिहिला, 'विहीर पाहिली, काम समाधानकारक.' पुढे तपासणीसाठी आलेले साहेब मला बरोबर घेऊन शेतावर गेले. विहीर नव्हती. खड्डासुद्धा नव्हता. भुईमूग होता. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने विहीर पाहिली होती की त्यानेही आणखी कुणाचा कागद पाहिला होता, ते कधीच कळले नाही. मी मात्र कागद पाहिला होता आणि विहीर पाहिली असे लिहिले होते. मला लेखी समज मिळाली. समज सौम्य होती, पण ते साहेब बांधावर उभे राहून भुईमुगाकडे पाहत जे हसले ते अजून विसरलो नाही.

त्यानंतर कर्जप्रकरणाची प्रोसेस नोट लिहिताना मी एक पथ्य पाळले. अर्जदार सांगतो ते 'अर्जदाराच्या सांगण्यानुसार'. सातबाराच्या उताऱ्यावरून दिसते ते 'उताऱ्यावरून'. मी डोळ्यांनी पाहिले ते 'पाहिले'. आणि या तिन्हींवरून मला जे वाटते ते 'माझे मत'. चार गोष्टी चार वाक्यांत. साहेब म्हणायचे, तुमच्या नोटा लांबतात. लांबत होत्या खऱ्या. पण वरिष्ठाला कुठे हरकत घ्यायची ते कळत होते.

मुलीचा प्रबंध वाचताना हे पथ्य मला सारखे आठवत होते. एकट्या तागडीची गोष्ट नव्हती. आयोगाच्या अहवालातला उतारा पान पान दिलेला आणि त्याखाली 'यावरून सिद्ध होते की' असे म्हणून तोच मजकूर मराठीत पुन्हा. उताऱ्याच्या वर ती नाही, खाली ती नाही. टपालाच्या पेटीसारखे एकाचे घेऊन दुसऱ्याला पोचवणे.

मी तिला म्हटले, "अगं, हा आयोग कुणी नेमला?"

"सरकारनं."

"त्याला काय विचारलं होतं?"

आयोगाला मुद्दाम विचारलेल्या प्रश्नांपैकी एक असा होता, की सरकारी शेतसारा या दंग्यांना कारण झाला का? सगळा पुरावा मांडून आयोगाने उत्तर दिले, नाही, दोष सावकारांचा. आता सरकारने विचारावे आणि सरकारनेच नेमलेल्यांनी सरकारला निर्दोष सोडावे, यात आश्चर्य काही नाही. पण म्हणून अहवाल फेकून द्यायचा का? मुळीच नाही. त्याच अहवालात रयतेच्या जबान्या आहेत, सावकारांच्या आहेत, साऱ्याचे दर आहेत, धान्याचे भाव आहेत, व्याजाचे दर आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता, आणि १८६५ साली युद्ध संपून भाव कोसळले तेव्हा त्याने हात आखडता घेतला. नेमक्या त्याच सुमारास साऱ्याचे नवे, वाढीव दर आले. हे सगळे आकडे मांडून पाहिले तर आयोगाने न काढलेला निष्कर्षही काढता येतो. साक्षीदार पक्षपाती असला तरी त्याच्या तोंडून त्याला सांगायचे नव्हते तेही निघते. फक्त उलटतपासणी घ्यावी लागते. नील चार्ल्सवर्थ यांनी तर १९७२ साली लेख लिहून या दंग्यांचे महत्त्वच फुगवले गेले आहे असा वाद उभा केला. मुलीने त्यांचे नाव संदर्भसूचीत घातले होते, पण प्रबंधात त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. घरी पाहुणा बोलवावा आणि त्याला ओसरीवरच बसवून ठेवावे तसे.

ती रडवेली झाली. "काका, गाइड म्हणाले, संदर्भ भरपूर पाहिजेत. आणि साम्य दहा टक्क्यांच्या आत पाहिजे. ते मी नऊवर आणलंय."

हे दहा टक्क्यांचे प्रकरण मला नवीन होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंध यंत्रातून जातो, इतरांच्या मजकुराशी साम्य किती ते मोजले जाते. दहा टक्क्यांपर्यंत माफी, साठाच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. चोरी पकडायला हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण मुलांनी त्यातून शिकले काय? शब्द बदलायला. 'कारण' काढून 'हेतू' घालायचा, कर्तरी वाक्य कर्मणी करायचे. यंत्राला माझी तागडी सापडली नाही, कारण मुलीने ती आपल्या शब्दांत लिहिली होती. उसने वाक्य पकडले जाते, उसनी विहीर पकडली जात नाही. आता तर मागाल तेवढे संदर्भ बसल्या जागी रचून देणारी यंत्रेही आली आहेत. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी अशा यंत्राने दिलेले, मुळात अस्तित्वातच नसलेले निवाडे कोर्टापुढे ठेवले आणि दंड भरला. निकालपत्र एकदा उघडून पाहावे, एवढे साधे काम त्यांनी केले नाही. मी त्यांना हसणार नाही. मला भुईमूग आठवतो.

मुलांचा दोष मी कमीच मानतो. पहिलीपासून आपण त्यांना काय शिकवतो? उत्तर पुस्तकात आहे, ते शोधून उतरवा. निबंधात थोरांची वचने घातली की गुण जास्त. मग एम.ए. झाल्यावर एकदम त्यांनी पुस्तकाला प्रश्न विचारावा ही अपेक्षा. विचारणार कसा? आपल्याकडे तर वडीलधाऱ्याला 'कशावरून?' असे विचारले की उद्धटपणा होतो.

असो. तागडीचे तिला सांगणे भाग होते. दीड महिना हातात, चार पाने प्रकरणाच्या ऐन मध्यावर. क्षणभर मनात आले, गप्प बसावे. तिघांनी लिहिले आहे, चौथीने लिहिले तर काय बिघडले? हार घालून मान डोलावली ती आठवली आणि मी सांगून टाकले.

"म्हणजे हे झालंच नव्हतं?"

"ते मी रचलं."

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "सुचलं कुठून?"

तेही सांगितले. आमच्या शाखेच्या रेकॉर्ड रूममधली मुदत संपलेली व्हाउचरे रद्दीत निघाली होती. रद्दीवाला काटा घेऊन आला, गठ्ठे टांगून तोलू लागला. शेकडो शेतकऱ्यांचे अंगठे, किलोवर. ते चित्र मनात राहिले आणि कादंबरीत उतरले. माझ्या मुलाखतींतूनही मी हे सांगितले आहे.

मुलीने वही काढली. "काका, हे मला लिहून द्याल? तारीख घालून, सही करून?" मी लेटरहेडवर लिहून दिले. सवयीप्रमाणे खाली ठिकाण आणि तारीख घातली. ती ते वाचत असताना तिच्या चेहऱ्यावर काही तरी बदलले. शिकवलेले अंगी लागले की असा चेहरा होतो, आणि शिकवणाऱ्याची धडगत नसते.

"पण काका," ती म्हणाली, "तुम्ही हे आज सांगताय. कादंबरी छापून इतकी वर्षं झाली. तेव्हाची काही टिपणं आहेत का?"

मला हसू आले आणि थोडा रागही आला. बापाच्या मित्राला हे विचारणे! पण माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. बायकोने शिडी धरली, मुलीने टॉर्च. १९९३ साली सुप्याला दोन दिवस राहिलो होतो तेव्हाची वही निघाली. पाने पिवळी, कोपरे कसरीने खाल्लेले. त्यात गावाचा नकाशा होता, बाजारपेठेचे वर्णन होते, एसटीच्या तिकिटाची किंमतसुद्धा होती. आणि एका पानाच्या कडेला पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात लिहिलेले – 'तागडी. तोलून जाळली? म्हातारबा, पारावर.'

कोण म्हातारबा? मला आठवत नाही. पारावर कुणाशी बोललो, काय बोललो, काहीच आठवत नाही. त्या माणसाने आजोबांकडून ऐकलेले सांगितले असेल, कुठल्या वगात पाहिलेले सांगितले असेल, शहरातून आलेल्या पाहुण्याची गंमतही केली असेल. की मीच पारावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला पाहून पुढे कादंबरीत घालायचे पात्र टिपून ठेवले? रद्दीवाला त्याच्या आधीचा की नंतरचा? बँकेतल्या बदल्यांचे कागद काढून पाहिले तर तो १९९४ चा निघतो.

मुलीने माझे सही केलेले पत्र परत मागितले नाही, फाडूनही टाकले नाही. वहीच्या पानाचा फोटो घेतला. प्रबंध तिने तीन महिने उशिरा सादर केला. चार पानांचे अर्धे पान झाले आणि तळटीप मात्र एवढी मोठी झाली की गाइडांनी भुवया उंचावल्या. तिने मला ती पाठवली आहे. तिच्यात प्रथम तिन्ही ग्रंथांचा माग काढून ते सगळे एका कादंबरीपाशी कसे थांबतात ते दाखवले आहे. मग 'कादंबरीकाराच्या लेखी निवेदनानुसार प्रसंग कल्पित', आणि त्यापुढे 'तथापि १९९३ सालच्या टिपणवहीत मौखिक स्रोताचा संदिग्ध उल्लेख असून कादंबरीकारास त्याचा खुलासा करता आला नाही'.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघे सुप्याला जाणार आहोत. पारावर कुणी भेटले तर नाव, वय आणि तारीख लिहून घ्यायचे काम तिच्याकडे आहे.